स्क्रू जागेवरच आहे, मग टेबल का हलतंय?

परवा एका कॉलवर समोरच्या क्लायंटने मध्येच थांबून विचारलं, "तुमच्याकडे भूकंप होतोय का?" माझ्या लॅपटॉपचा कॅमेरा थरथरत होता.

मी बोईसरला राहतो, त्यामुळे आमच्याकडे हा प्रश्न अगदीच विनोद नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात छोट्या भूकंपांची जी मालिका सुरू झाली, ती इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण त्या दिवशी जमीन शांत होती. हलत होतं ते माझं टेबल, आणि तेही मी एंटरचं बटण जरा जोरात दाबतो म्हणून.

टेबल ऑनलाइन घेतलेलं. चपट्या खोक्यातून आलं, सोबत एक ॲलन की आणि स्क्रूंची पिशवी. तासाभरात जोडून झालं आणि पहिले काही महिने दगडासारखं घट्ट उभं होतं. मग हलायला लागलं. मी स्क्रू आवळले. पुन्हा हललं, पुन्हा आवळले. गंमत म्हणजे पहिल्यांदा आवळल्यावर चार महिने टिकलं, दुसऱ्यांदा दीड महिना, आणि शेवटी तर दहा दिवसांवर आलं. एखादा बग फिक्स केल्यावर तो दर वेळी आणखी लवकर परत येत असेल, तर आपण चुकीच्या फाइलमध्ये हात घातलाय हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना कळतं. इथे ते कळायला मला दोन वर्षं लागली.

कळलं तेही बाबांमुळे. बाबांनी सगळी नोकरी तारापूर एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये काढली. पालघरहून आमच्याकडे आले होते, मी टेबलाखाली आडवा पडून ॲलन की फिरवतोय हे बघून म्हणाले, "अरे, आवळतोयस काय सारखा? तो फिरलाय का ते तरी बघ आधी."

मग त्यांनी कारखान्यातली एक साधी पद्धत सांगितली. नट आवळून झाला की नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची. पुढच्या फेरीला रेघ तुटलेली दिसली, म्हणजे नट फिरला. रेघ सरळ असेल तर नट आहे तिथेच आहे, दोष दुसरीकडे शोधा.

मी परमनंट मार्कर घेतला, टेबलाचे दहा स्क्रू, प्रत्येकावरून बोर्डापर्यंत एक रेघ, आणि मोबाइलने जवळून दहा फोटो. हे मेअखेरीला. सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा फोटो काढून शेजारी ठेवले. टेबल तर पार झोपाळा झालेलं. आणि रेघा? दहापैकी नऊ रेघा होत्या तशाच सरळ. एकच स्क्रू जेमतेम पाव फेरा फिरला होता.

म्हणजे स्क्रू सैल झालाच नव्हता. सैल झालं होतं ते भोक.

बोल्ट ही खरं तर स्प्रिंग असते

हे नीट समजायला आधी लोखंडाचं बघू. आपल्याला वाटतं बोल्ट म्हणजे खुंटी, दोन वस्तूंतून आरपार गेली की झालं. तसं नसतं. पाना फिरवताना नट खाली सरकतो, आणि सरकायला जागा उरली नाही की बोल्ट चक्क ताणला जातो. ३० मिमी जाडीचे दोन भाग धरणारा चांगल्या स्टीलचा ६ मिमीचा बोल्ट नीट आवळला तर तो साधारण केसाच्या जाडीएवढा लांब होतो. तेवढ्याशा ताणातून ८-९ किलोन्यूटनचा जोर तयार होतो, म्हणजे पाऊण टनाहून जास्त वजनाने दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात. सांधा टिकतो तो या दाबामुळे आणि दाबातून येणाऱ्या घर्षणामुळे. आट्यांचं काम हा ताण धरून ठेवणं.

मग कारखान्यात नट सैल का होतात? बरीच वर्षं समज असा होता की बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणारे हादरे त्याला सैल करतात. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिलं की खरा शत्रू आडवी हालचाल आहे. जोडलेले भाग एकमेकांवरून डावी-उजवीकडे घसरायला लागले, की घसरण्याच्या त्या क्षणी आट्यांमधलं घर्षण जवळजवळ गळून पडतं. बोल्ट ताणलेलाच असतो, आटे तिरके असतातच, मग तो आपणहून उलटा फिरायला लागतो. उतारावर वीट ठेवा, ती जागची हलणार नाही. फळी आडवी हलवत राहा, वीट हळूहळू खाली यायला लागेल. अगदी तसंच. युंकरच्या नावाची ती चाचणी आजही बोल्ट तपासायला वापरतात.

ऑफिसची खुर्ची, लोखंडी पलंग, जिमचं सामान, सायकल यांत हेच होतं. तिथे स्क्रू खरोखर फिरतो, मार्करची रेघ तुटते, आणि तिथे पुन्हा आवळणं हाच योग्य इलाज आहे. नायलॉनची रिंग असलेला नट लावला किंवा आट्यांवर थ्रेडलॉकरचा थेंब टाकला तर आणखी चांगलं. हे थ्रेडलॉकर लाकडात मात्र वापरू नका. ते हवा न लागता धातूच्या सान्निध्यात घट्ट होतं, भुश्यात त्याचा उपयोग शून्य. माझे अडीचशे रुपये असेच गेलेत.

आत आहे तरी काय?

आता माझं टेबल. वरून सागवानाची प्रिंट, आत पार्टिकल बोर्ड. लाकडाच्या चिपा आणि भुसा रेझिनमध्ये कालवून, गरम प्रेसखाली दाबून हा बोर्ड तयार होतो. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. वाया जाणारं लाकूड वापरात येतं, फळी सरळ राहते, किंमत आवाक्यात. पण त्याच्या रचनेत एक गोष्ट आहे जी विकणारा सांगत नाही. दोन्ही पृष्ठभागांवर बारीक चिपांचा घट्ट थर असतो आणि मधल्या थरात जाड, भरड चिपा. कडेने तुटलेली फळी मिळाली तर नखाने खरवडून बघा, मधला भाग सहज भुरभुरतो.

आणि खोक्यातून येणाऱ्या फर्निचरचे निम्मेअधिक स्क्रू नेमके त्या कडेतच घुसतात. एका फळीतून आरपार जाऊन दुसरीच्या कडेत, म्हणजे भरड मधल्या थरात. म्हणून तर पार्टिकल बोर्डच्या भारतीय मानकात, आयएस ३०८७ मध्ये, स्क्रू उपटून काढायला लागणारा जोर पृष्ठभागावर आणि कडेत असा वेगवेगळा मोजतात. जाड, खोल आट्यांचे ते ॲलन कीने फिरणारे स्क्रू असतात ना, कन्फर्मॅट म्हणतात त्यांना, ते याच अडचणीसाठी निघाले. भुसभुशीत मालात जास्तीत जास्त पकड मिळावी म्हणून त्यांचे आटे रुंद असतात.

तरी पकड सुटतेच, आणि सुटायची कारणं एकात एक गुंतलेली आहेत.

एक तर बोर्ड दाबाखाली हळूहळू दबत जातो. गादीवर रोज एकाच जागी बसलं की खड्डा पडतो, तसं. स्टीलचा बोल्ट ताण वर्षानुवर्षं धरून ठेवतो, पण त्याच्या आट्यांनी पकडलेल्या चिपाच मागे सरकल्या तर ताण उरणार कुठे? कोणीही हात न लावता, टेबल न हलवता, सुरुवातीच्या काही आठवड्यांतच दाबाचा मोठा भाग निघून जातो.

दुसरं कारण आपल्याकडचं खास. पाऊस. पालघर-डहाणू पट्ट्यात राहणाऱ्याला हे सांगायला नको. जुलैत दरवाजा फुगून बसत नाही आणि मार्चमध्ये त्याच फटीतून बोट जातं. हवेत ४० टक्के आर्द्रता असताना साध्या लाकडात साधारण ७-८ टक्के पाणी असतं, ९० टक्के आर्द्रतेत ते २० टक्क्यांच्या आसपास जातं. बोर्ड थोडं कमी शोषतो, पण शोषतो. स्क्रूच्या भोवतीच्या चिपा फुगतात, लोखंड काही फुगत नाही, त्यामुळे त्या चिपा आट्यांवर चिरडल्या जातात. ऑक्टोबरमध्ये बोर्ड वाळतो, आक्रसतो, पण चिरडलेल्या चिपा पुन्हा उभ्या राहत नाहीत. आट्यांभोवती बारीक पोकळी राहते. पुढच्या पावसात हेच पुन्हा. त्यात स्वस्त बोर्डात वापरलेलं युरिया फॉर्माल्डिहाइड रेझिन ओलाव्यात कमकुवत होत जातं, म्हणजे चिपांना धरून ठेवणारा डिंकच सुटायला लागतो. माझं टेबल खिडकीला लागून आहे, खिडकी नैऋत्येला. आणखी काय सांगू.

तिसरं कारण आडवा धक्का, आणि मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते याचं. टेबल ७२ सेंमी उंच. बाजूची फळी १८ मिमी जाड, स्क्रू तिच्या बरोबर मध्यावर, म्हणजे कडेपासून फक्त ९ मिमीवर. टेबलाला वरून आडवा धक्का दिला की फळी त्या कडेवर टेकून तिरकी व्हायला बघते आणि स्क्रू उपटायला बघते. एका बाजूला ७२ सेंमीची पहार, दुसऱ्या बाजूला ९ मिमी. हिशोब ऐंशीपट. दोन्ही बाजूंत वाटला तरी चाळीसपट. म्हणजे मागच्या पट्टीने हातभार लावला नाही, तर खुर्ची सरकवताना लागलेला ३ किलोचा धक्का एका बाजूच्या स्क्रूंवर १२० किलोसारखा जातो. मी दिवसातून किती वेळा त्या टेबलावर रेलतो, ढकलतो, कोपर टेकून उठतो? पंधरा वेळा धरा, वर्षाचे साडेपाच हजार धक्के झाले. भूकंपाने वर्षभरात दिले नसतील एवढे मी एकटा देतो.

म्हणून कपाटाच्या मागची ती पातळ, फालतू वाटणारी पाठ सगळ्यात महत्त्वाची. चार फळ्यांची चौकट कितीही घट्ट आवळा, ती पत्त्याच्या घरासारखी तिरकी होणारच. मागे ३ मिमीची एक अखंड पाठ चारही बाजूंनी खिळ्यांनी ठोकली, की तिरकं व्हायचं तर त्या पाठीलाच फाटावं लागेल. जोडायला येणारा माणूस दिवसातून पाच-सहा घरं उरकतो. वीस खिळ्यांच्या जागी आठ ठोकून निघून जातो, कारण मागचं कोण बघतंय? माझ्या टेबलाची मागची पट्टी मी स्वतः लावली होती आणि तिचे दोन स्क्रू जास्त झाले म्हणून खणात टाकून ठेवले होते. आता हसू येतं.

आवळण्याची चटक

आता दहा दिवसांचं कोडं सुटतं. भोक मोठं झालंय, आट्यांभोवती भुश्याचं पीठ झालंय, आणि मी जोर लावून स्क्रू आणखी फिरवतोय. स्क्रूचं डोकं बोर्डाला टेकलेलं, पुढे जायला जागा नाही, म्हणून आटे भोकाच्या भिंतीतच गरगरतात आणि उरलेल्या चिपा कातून काढतात. हाताला "घट्ट झालं" असं वाटतं, प्रत्यक्षात मी तिथलं उरलंसुरलं लाकूड खर्च करत असतो. सुतार याला "आटे मेले" म्हणतात. मी ते दर वेळी थोडे थोडे मारत होतो.

ड्रिलने जोडणी केली तर हे पहिल्याच दिवशी होतं. ड्रिलच्या पुढे आकड्यांची जी रिंग असते ती ठरावीक जोरानंतर मशीन थांबवण्यासाठी आहे. जोडणीवाल्याने ती ड्रिलच्या खुणेवर ठेवून घुर्रकन स्क्रू बसवला, तर तुमचं नवं कपाट पोहोचतानाच जुनं झालेलं असतं. शेवटचे दोन फेरे हाताने मारायला सांगा. तो वैतागेल. सांगा तरी.

बातमीत काय आहे आणि काय नाही

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे फर्निचरवरचा आयएसआय मार्क. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये फर्निचरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि अंमलबजावणीला एक वर्षाची मुदत दिली, छोट्या उद्योगांना त्याहून थोडी जास्त. कामाच्या खुर्च्या, साध्या खुर्च्या आणि स्टूल, टेबलं, कपाटं-कप्पे, पलंग आणि बंक बेड असे सहा प्रकार, आयएस १७६३१ ते १७६३६ ही त्यांची मानकं. त्याआधी पार्टिकल बोर्ड, एमडीएफ यांसारख्या बोर्डांसाठीही असाच आदेश आला, आणि जुलै २०२३ मध्ये बोल्ट-नट-फास्टनरसाठी.

या क्रमाकडे जरा बघा. स्क्रू, बोर्ड आणि पूर्ण वस्तू, तिन्हींवर स्वतंत्र आदेश. वर सांगितलेलं डोक्यात ठेवलं तर स्क्रूवरच्या आदेशाने माझ्या टेबलाला फारसा फरक पडला नसता. स्क्रू उत्तम होता, आजही आहे. आमच्या तारापूरच्या पट्ट्यात स्टेनलेस स्टीलचे फास्टनर बनतात, परदेशात जातात. त्यातला सर्वोत्तम आणून लावला तरी ओल्या भुश्यात तो काय धरणार? फरक पडेल तो बोर्डाच्या आणि पूर्ण वस्तूच्या तपासणीने. फर्निचरच्या मानकांत मजबुती, टिकाऊपणा आणि स्थिरता यांच्या चाचण्या आहेत, म्हणजे पुन्हा पुन्हा भार देऊन बघणं, उलटतं का ते बघणं. दुकानात हाताने हलवून बघण्यापेक्षा हे कितीतरी बरं, म्हणून मी या आदेशाच्या बाजूने आहे. चाचणीचा खर्च पाच-दहा माणसांच्या युनिटला मोठ्या कंपनीपेक्षा जास्त बोचतो, ही तक्रारही मला खोटी वाटत नाही.

पण मार्क म्हणजे सगळं झालं असंही समजू नका. चाचणी होते ती एकदा नीट जोडलेल्या वस्तूची. आपल्या बोईसरमधलं भाड्याचं आयुष्य कसं असतं? अकरा महिन्यांचा करार, मग घरमालक भाडं वाढवतो, मग सरावलीहून पास्थळला किंवा स्टेशनच्या पलीकडे. कपाट सोडवा, छोटा हत्तीत टाका, तिसऱ्या मजल्यावर चढवा, पुन्हा जोडा. सोडवून जोडताना स्क्रू जुन्याच आट्यांत बसला नाही तर तो नवे आटे कापतो, आणि एका भोकात दोनदा कापलेले आटे म्हणजे भोकच मोकळं. १९५०च्या दशकात आयकियाच्या गिलिस लुंडग्रेनने टेबल गाडीत मावेना म्हणून पाय काढले, असं सांगतात. खोक्यातलं फर्निचर तिथून फोफावलं. ती कल्पना मुळात एकदा घरी नेऊन एकदा जोडायची होती. आपण ती दर अकरा महिन्यांनी वापरतो.

आणि आपण ज्यावर सगळ्यात जास्त विसंबतो, ते ॲपवरचे स्टार? ते तर याहून कच्चे. डिलिव्हरीनंतर आठवड्याभरात ॲप विचारतं, "कसं वाटलं?" आपण फोटो टाकून पाच स्टार देतो. वर सांगितलेलं एकही कारण त्या आठवड्यात घडलेलं नसतं. बोर्ड दबलेला नसतो, पाऊस आलेला नसतो, घर बदललेलं नसतं. चार हजार लोकांनी ४.३ दिले म्हणजे चार हजार लोकांना खोकं उघडल्याचा आनंद झाला, एवढंच. मीही या टेबलाला पाच दिले होते, आणि ते रेटिंग बदलायचा पर्याय सापडायला मला बराच वेळ लागला. त्यामुळे सरासरी सोडा. रिव्ह्यूंच्या शोधपट्टीत 'लूज', 'वॉबल', 'वन इयर' असे शब्द टाका आणि एक पावसाळा काढलेल्या माणसांचं तेवढं वाचा.

मार्क खरा आहे की छापलेला, हे मोबाइलवरच बघता येतं. आयएसआयच्या चिन्हावर आयएस क्रमांक असतो, खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की परवाना कोणाचा, कोणत्या वस्तूचा आणि चालू आहे का, हे दिसतं. कपाटावर बोर्डाचा आयएस क्रमांक छापून ग्राहकाला गंडवता येतं, म्हणून क्रमांक नीट वाचा. बोर्ड पास असणं वेगळं, कपाट पास असणं वेगळं.

ताईच्या घरी

टेबल हललं तर फार तर क्लायंट हसतो. ताईच्या घरी, पालघरला, जे झालं त्यावर कोणी हसलं नाही. तिच्याकडे खोक्यातून आलेलं चार खणांचं ड्रॉवर युनिट आहे. भाचीने, तीन वर्षांची आहे, खालचे दोन खण ओढले आणि पायरी करून वर चढली. मागची पाठ एका बाजूने आधीच सुटली होती, स्क्रू कडेतून निघाले होते. युनिट तिरकं झालं आणि पुढे आलं. समोर पलंग होता म्हणून ते त्यावर अडकलं. पलंग दुसऱ्या भिंतीला असता तर काय, हे ताई अजून बोलत नाही.

उघडे खण, चढणारं मूल आणि भिंतीला न बांधलेलं युनिट, हे जगभरातलं ठरलेलं समीकरण आहे. जून २०१६ मध्ये आयकियाने अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवर युनिट परत बोलावली ती याच कारणाने, युनिट अंगावर पडून मुलांचे जीव गेल्यानंतर. त्यातल्या घटनांत मुद्दा सैल स्क्रूंचा नव्हता, भिंतीला न बांधण्याचा होता. पुढे तिथे अशा युनिटसाठी स्थिरतेचा कायदाच झाला. सैल सांध्याने काय होतं तर हा धोका वाढतो, कारण मुळात पुढे झुकणारी वस्तू आता तिरकीही होते.

त्यामुळे कमरेच्या वरचं कुठलंही कपाट भिंतीला बांधा. सोबत येणारी ती छोटी पट्टी किंवा क्लिप फेकून देऊ नका. नुसत्या प्लास्टरमध्ये प्लग ठोकून उपयोग नाही, भोक विटेपर्यंत जायला हवं. भाड्याच्या घरात घरमालक भोक पाडू देत नाही ही अडचण खरी आहे. मी माझ्याशी त्यावर भांडलो आणि जाताना भोक बुजवून देईन असं लिहून दिलं. डहाणू-तलासरीकडच्या वाचकांनी तर हे आजच करावं. तिथले धक्के स्क्रू सैल करत नाहीत, काही सेकंदांत तेवढं होत नाही, पण आधीच सैल झालेलं उंच कपाट पाडायला काही सेकंद पुरतात.

मग करायचं काय?

आधी मार्करची रेघ. ती तुटली तर आवळा. नाही तुटली तर ॲलन की बाजूला ठेवा आणि हालचाल थांबवा: मागची पाठ पूर्ण ठोका, खिळे दर चार-पाच इंचांवर. पाठ नसलेल्या टेबलाला मागच्या दोन्ही कोपऱ्यांत लोखंडी एल-पट्टी लावा, हार्डवेअरच्या दुकानात पंधरा-वीस रुपयांना मिळते. तिचे स्क्रू कडेत नाही तर पृष्ठभागात जातात, म्हणजे घट्ट थरात, हाच तिचा फायदा. बोर्डाच्या जाडीपेक्षा लांब स्क्रू घेऊ नका, वरून बाहेर येईल.

मेलेल्या भोकासाठी जुना उपाय चालतो: स्क्रू काढा, भुसा झटका, काडेपेटीच्या गूळ काढलेल्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासा, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू हाताने बसवा. भोक जास्तच पोखरलं असेल तर ८-१० मिमीची लाकडी गुल्ली फेविकॉल लावून ठोका आणि तिच्यात नवं बारीक भोक पाडून स्क्रू घाला. स्क्रूला आता भुसा नाही, खरं लाकूड मिळतं. बोर्ड फुगून पापुद्रे सुटले असतील तर मात्र यातलं काही चालणार नाही, ती फळी गेली.

सोडवून पुन्हा जोडायचंच असेल तर स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा. एके ठिकाणी तो बारीकसा टक करून खाली बसतो, तिथे तो जुन्या आट्यात आला. तिथून सरळ फिरवा. बाबांनी हे दाखवलं तेव्हा मला वाटलं माझी फिरकी घेताहेत.

माझ्या टेबलाला आता दोन एल-पट्ट्या आहेत, चार भोकांत काड्या, आणि खणात पडलेले ते दोन स्क्रू अखेर मागच्या पट्टीत गेलेत. कॅमेरा हलत नाही. रेघा नव्याने ओढल्यात, एकूण बारा. नोव्हेंबरमध्ये करार संपतोय आणि टेबल न सोडवता न्यायचं ठरवलंय. टेम्पोवाल्याने फोटो बघून सांगितलं, जिन्याच्या वळणावर मावणार नाही, गॅलरीतून दोरीने उतरवावं लागेल, पाचशे जास्त होतील. मी हो म्हटलंय.